रोहीसाठी कोणतं काडतूस? शेतकऱ्याच्या साध्या प्रश्नाला कायद्यात उत्तर का नाही

"भाऊ, रोहीसनी सगळी कपाशी खाई टाकी. आते कोनतं काडतूस लेवानं, ते सांग."

एरंडोल बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर एका आप्पांनी मला हा प्रश्न विचारला. पेपरवाला आहे म्हटल्यावर लोक रस्त्यापासून रेशनपर्यंत काहीही विचारतात. काडतुसाचा प्रश्न मात्र मला पहिल्यांदाच आला. आप्पांचं शेत पद्मालयाच्या डोंगराकडे आहे. घरात परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. शेताभोवती जुन्या साड्या बांधून झाल्या, फटाके फोडून झाले, रात्र रात्र राखण करून झाली. आता दुकानात जाऊन काय मागायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. नंतर मात्र वन्यजीव कायदा आणि शस्त्र कायदा दोन्ही वाचून काढले. वाचल्यावर माझं मत असं झालं की आप्पांचा प्रश्न अजिबात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ठरावीक परिस्थितीत रोही आणि रानडुक्कर मारण्याची परवानगी सरकार देऊ शकतं. पण कशाने मारायचं, किती अंतरावरून मारायचं आणि कुणी मारायचं, यावर कायदा गप्प आहे. हे मौन जनावरासाठी क्रूर आहे आणि माणसासाठी धोक्याचं. कसं, ते समजून घेऊ.

आधी एक स्पष्ट करू: हरीण मारता येत नाही

आपल्याकडे बोलताना चितळ, काळवीट, चिंकारा, रोही अशा सगळ्यांनाच 'हरणं' म्हणून टाकतात. शास्त्र तसं म्हणत नाही. चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणं. त्यांच्या नरांची शिंगं गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा आणि रोही म्हणजेच नीलगाय हे गाय-शेळीच्या कुळातले प्राणी. त्यांची शिंगं गळत नाहीत, आयुष्यभर टिकतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. 'शिकार' या शब्दाची व्याख्याही मोठी आहे. गोळी घालणं तर आलंच, पण विष घालणं, फास लावणं, सापळा रचणं, जखमी करणं आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. कुंपणात करंट सोडून जनावर मारलं तरी कायद्याच्या नजरेत ती शिकार ठरते.

शिक्षा किती? काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. इतर उल्लंघनांसाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. १९९८ मधल्या काळवीट शिकारप्रकरणी जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये अभिनेता सलमान खानला ५ वर्षांची शिक्षा सुनावली, हे सगळ्यांना आठवत असेल. त्या शिक्षेला त्याने आव्हान दिलं आहे. पण खटला वीस वर्षं पाठ सोडत नाही, एवढा धडा त्यातून घेता येतो.

म्हणजे 'हरणासाठी कोणतं काडतूस?' या प्रश्नाचं भारतातलं उत्तर एका शब्दात संपतं: कोणतंच नाही. प्रश्न उरतो तो रोही आणि रानडुकराचा.

मग परवानगी कशाची मिळते?

हे दोन्ही प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कायद्याच्या कलम ११ मध्ये त्यांच्यासाठी एक वाट ठेवली आहे. एखादा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश काढून शिकारीची परवानगी देऊ शकतो. या 'मालमत्ते'त शेतातलं उभं पीकही येतं. आदेशात कारणं लिहावी लागतात. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये शासन निर्णय काढून पिकांची नासाडी करणारं रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत ही परवानगीची व्यवस्था वनक्षेत्रपालांच्या पातळीपर्यंत खाली आणली. शेतकऱ्याला नागपूर-मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागू नयेत, हा त्यामागचा हेतू होता आणि तो चांगला होता.

इथे एक गल्लत नेहमी होते. 'रोही मारायला सरकारने मोकळीक दिली' असं गावोगाव बोललं जातं. तसं नाही. एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार कलम ६२ नुसार केंद्र सरकारकडे आहे. बिहारमध्ये २०१५ च्या शेवटी नीलगाय आणि रानडुकराबाबत तसं झालं होतं. कलम ११ ची परवानगी वेगळी. ती अर्ज केल्यावर, त्या ठिकाणापुरती आणि कागदावर मिळते. कागद हातात नसेल तर आपली कपाशी खाणारी रोही मारणं हाही गुन्हाच. आणि मारलेलं जनावर कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता होतं. ते घरी नेता येत नाही, वाटून खाता येत नाही.

इथपर्यंत कायदा बऱ्यापैकी सविस्तर बोलतो. गोळी झाडायची वेळ आली की त्याची वाचा बसते.

शेतकऱ्याला बंदूक कोणती मिळते?

शस्त्र कायदा १९५९ सालचा. त्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी परवाना द्यायचा तो ठासणीच्या बंदुकीचा. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची, गोळी किंवा छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे आणि मग बार काढायचा. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. म्हणजे व्यवहारात बारा बोअर.

२०२६ मध्ये शेतकरी ड्रोनने फवारणी करतो, मोबाइलवरून मोटार चालू करतो. पण पीक राखायला कायदा पहिल्यांदा त्याच्या हातात देतो ती ठासणीची बंदूक. पावसाळी रात्रीच्या ओलीत तिची दारू सर्दावते. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत जखमी जनावर दोन शेतं ओलांडून गेलेलं असतं.

रायफल यापेक्षा वेगळी. तिच्या नळीच्या आतल्या बाजूला नागमोडी आटे असतात. ते गोळीला गिरकी देतात, त्यामुळे गोळी सरळ आणि लांब जाते. भारतात सामान्य परवानाधारकाला माहीत असलेली रायफल म्हणजे .३१५ बोअरची. सैन्याच्या बोअरची शस्त्रं नागरिकांना मिळत नाहीत, म्हणून इंग्रजांच्या काळापासून हा वेगळा बोअर चालत आला.

काडतुसाचं गणित

बारा बोअर म्हणजे काय, हे बंदूक बाळगणाऱ्यांतही अनेकांना ठाऊक नसतं. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलीमीटर भरतो.

या नळीत वेगवेगळी काडतुसं चालतात. नंबर जितका मोठा, छर्रा तितका बारीक. बारीक छर्रे पाखरांसाठी. मोठ्या जनावरासाठी दुकानात 'एलजी' आणि 'एसजी' मागतात. एलजीत मोजकेच मोठे छर्रे असतात, प्रत्येकाचा व्यास सुमारे ९ मिलीमीटर. एसजीचे छर्रे त्याहून थोडे बारीक आणि संख्येने जास्त. तिसरा प्रकार एकाच मोठ्या गोळीचा.

इथे माझं अभियांत्रिकीचं शिक्षण थोडं कामी आलं. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. गतिज ऊर्जेचं हे सूत्र दहावीलाही असतं. एलजीचा एक छर्रा साधारण साडेचार ग्रॅमचा. नळीतून निघताना त्याचा वेग सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास धरला, तर ऊर्जा भरते जेमतेम ३०० ज्यूल. गोल छर्रा हवेत लवकर मंदावतो. ४० मीटरवर पोहोचेपर्यंत त्यातली बरीच ऊर्जा संपलेली असते. शिवाय तोवर छर्रे साधारण मीटरभर रुंदीत पसरलेले असतात. जनावराच्या छातीतला हृदय-फुप्फुसाचा भाग फार तर फुटभर रुंद. सहा-सात छर्रे मीटरभर पसरले, तर त्या फुटभर जागेत एखादाच लागेल किंवा एकही लागणार नाही. बाकीचे पोटात, मांडीत, जबड्यात.

आता समोरचं जनावर पाहा. पूर्ण वाढलेला रोहीचा नर दोनशे किलोच्या पुढे जातो. मोठ्या रानडुकराच्या खांद्यावर तर चिवट कातडीचा जाड थर असतो. असं जनावर एका छऱ्याने पडत नाही. ते पळतं. दुसऱ्या दिवशी किंवा चौथ्या दिवशी कुणाच्या तरी मक्यात किंवा नाल्यात पडतं. तोवर ते वेदनेत असतं आणि रानडूक असेल तर जवळ येणाऱ्या प्रत्येकासाठी धोकादायकही.

.३१५ ची गोळी जवळजवळ १६ ग्रॅमची. वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास धरला, तर ऊर्जा सुमारे २,८०० ज्यूल. म्हणजे एलजीच्या एका छऱ्याच्या नऊपट आणि तीही एकाच जागी. उलट बाजूला .२२ ची छोटी रायफल घ्या. तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आतबाहेर. कागदी लक्ष्यावर सरावासाठी ती उत्तम. रोहीवर झाडली तर फक्त जखम करणारी.

गोळीचं टोक कसं हवं?

ऊर्जा पुरेशी असली तरी गोळीच्या रचनेवर खूप काही अवलंबून असतं. सैन्याची गोळी पूर्ण धातूच्या आवरणात असते. ती शरीरातून आरपार जाते आणि छोटं भोक पाडते. शिकारीची गोळी मऊ टोकाची असते. पुढचं शिसं उघडं ठेवलेलं असतं. आत शिरताच ते फुलतं आणि सगळी ऊर्जा जनावराच्या शरीरातच खर्च होते, त्यामुळे ते लवकर मरतं.

गंमत म्हणजे युद्धात हीच गोळी निषिद्ध आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून अशा गोळ्यांना 'दमदम' हे नाव पडलं. १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात फुलणाऱ्या गोळ्यांवर युद्धापुरती बंदी घातली गेली. युद्धात शत्रूला जायबंदी करून बाजूला करणं पुरतं, त्याच्या यातना वाढवायच्या नाहीत, हा तिथला विचार. जनावर मारायचंच ठरलं असेल, तर त्याला जायबंदी करून सोडणं हीच क्रूरता. म्हणून तिथे नियम उलटा होतो.

आपल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला आयुध निर्माणी आहे. ती सैन्याच्या लहान शस्त्रांचा दारूगोळा बनवते. 'वरणगावला गोळ्या बनतात, मग आपल्याला काय कमी' असं गमतीने म्हणतात. पण ती गोळी या कामाची नाही आणि नागरिकाच्या हाती येऊही शकत नाही. परवानाधारकांना मिळणाऱ्या काडतुसांसाठी पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना जुना आणि ओळखीचा. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचं विभाजन झालं, तेव्हापासून वरणगाव आणि खडकी हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत.

मग .३१५ द्या, प्रश्न मिटला?

नाही. याच ठिकाणी गणित उलटतं. एलजीचा छर्रा काही शे मीटरवर दम सोडतो. रायफलची गोळी मात्र चुकली तर दोन-तीन किलोमीटरवरही जीव घेऊ शकते. एरंडोल, धरणगाव, पारोळ्याचा बराचसा मुलूख सपाट आहे. कपाशी आणि मका छातीभर उंच. शेतात सालदाराचं कुटुंब राहतं, मेंढपाळाचा वाडा बसलेला असतो. शेतीची वीज पाळीपाळीने रात्रीची येते, तेव्हा हातात बॅटरी घेऊन माणसं पाणी भरायला बांधावर असतात. अंधारात दोन डोळे चमकले म्हणून झाडलेली गोळी कुठे थांबेल, हे झाडणाऱ्याला ठाऊक नसतं.

जाणकार नेमबाज म्हणूनच मचाणावर बसतो. वरून खाली झाडलेली गोळी चुकली तरी मातीत घुसते. जनावरामागे उघडं शिवार असेल तर तो चाप ओढत नाही. जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबतो. ही शिस्त काडतुसाच्या डब्याबरोबर मिळत नाही, ती शिकावी लागते.

ओळखण्याचा प्रश्नही आहेच. रोहीचा नर निळसर करडा, पण मादी आणि पिल्लं तपकिरी. बॅटरीच्या उजेडात तपकिरी अंग दिसलं की ती रोहीची मादी आहे की सांबराची, हे घाईत कळत नाही. एक चूक झाली की परवानगीचा कागद खिशात असूनही शेतकरी आरोपी होतो.

म्हणजे जनावरासाठी योग्य शस्त्र गावासाठी धोक्याचं आणि गावासाठी त्यातल्या त्यात कमी धोक्याचं शस्त्र जनावरासाठी क्रूर. हा पेच एकट्या शेतकऱ्याने सोडवावा, अशी आज आपली अपेक्षा आहे.

१९७२ च्या कायद्याला हे ठाऊक होतं

कायदे वाचताना मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते या गोष्टीचं. १९७२ चा कायदा झाला तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. चितळ, सांबर आणि नीलगाय 'मोठी शिकार' या यादीत होते. तेव्हाच्या कलम १७ मध्ये नियम होता: अशा जनावराची शिकार रायफलनेच करायची. बंदूक वापरायची असेल तर परवान्यात तशी खास नोंद हवी आणि तीही एकाच गोळीच्या काडतुसापुरती. छऱ्यांना परवानगी नव्हती. विष, स्फोटकं, फास यांनाही नाही. रात्रीची शिकारही मना होती.

१९९१ च्या दुरुस्तीत शिकारीचे परवाने बंद झाले आणि त्यांच्याबरोबर कलम १७ सुद्धा गेलं. शिकार बंद झाली हे योग्यच झालं. पण पिकांसाठी जनावर मारण्याची परवानगी कलम ११ मध्ये राहिली आणि ते कसं मारावं याचा नियम मात्र पुसला गेला. हौशी शिकाऱ्यावर जे बंधन होतं, तेवढंही आज पीक राखणाऱ्याच्या परवानगीला मूळ कायद्यात नाही.

इंग्लंडमध्ये हरीण मारायला परवानगी आहे, पण तिथला १९९१ चा कायदा आकडे देऊन बोलतो. मोठ्या हरणासाठी रायफलचा बोअर .२४० पेक्षा कमी नको. गोळीची ऊर्जा २,३०५ ज्यूलपेक्षा कमी नको. गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच हवी. पीक वाचवणाऱ्या शेतकऱ्यासाठी काही सवलती आहेत, पण त्यातही काडतूस कोणतं ते लिहिलेलं आहे. डेन्मार्कने तर एप्रिल २०२४ पासून शिशाच्या गोळ्यांवरही बंदी घातली, कारण मेलेल्या जनावरात राहिलेले शिशाचे कण गिधाडं-गरुडांसारख्या मांसभक्षक पक्ष्यांना विषारी ठरतात. आपण तिथपर्यंत लगेच पोहोचावं असं माझं म्हणणं नाही. पण निदान एक ओळ तरी असावी.

कायदा गप्प राहिला की काय होतं?

परवानगीची वाट लांबची आणि हातातली बंदूक कुचकामी, असं झालं की माणूस तिसरा मार्ग शोधतो. कुणी कुंपणात करंट सोडतो. त्यात रानडुकराआधी शेजारच्या शेतात पाणी भरायला निघालेला माणूस सापडतो. राज्यात अशा मृत्यूंच्या बातम्या दर हंगामात येतात आणि डेस्कवर त्या लावताना आमचेही हात जड होतात. कुणी स्फोटकं दडवलेलं आमिष ठेवतो. २०२० मध्ये केरळच्या पलक्कड जिल्ह्यात गाभण हत्तिणीचं तोंड अशाच फळातल्या स्फोटाने फाटलं आणि ती नदीच्या पाण्यात उभी राहून मेली. सगळा देश हळहळला. पण तसली फळं रानडुकरांसाठी ठेवतात, ही गोष्ट त्या हळहळीत मागे पडली.

केरळने त्यातून निदान एक धडा घेतला. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने पंचायत अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले. पिकात शिरलेलं रानडुक्कर मारण्याचा आदेश ते देऊ शकतात आणि मारायचं परवानाधारक बंदूकवाल्यांकडून. विष, स्फोटकं आणि वीज यांना स्पष्ट मनाई. ही व्यवस्था परिपूर्ण नाही, पण 'कुणी आणि कशाने' या प्रश्नाला निदान हात घालते.

बिहारने दुसरी वाट धरली. जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक नीलगायी मारण्यात आल्या. त्यावरून तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मेनका गांधी आणि पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर वाद झाला. वाद 'मारावं की नको' एवढ्यावरच फिरला. 'कसं मारलं, किती जखमी झाले, पुढच्या वर्षी पीक वाचलं का' हे कुणी फारसं विचारलं नाही.

माझं मत

प्राणिप्रेमी म्हणतात, मारूच नका. त्यांचा एक मुद्दा मला पटतो: नुसतं मारून संख्या कमी होत नाही. रानडुकरीण एका वेळी चार-सहा पिल्लं देते. चारा, पाणी आणि आडोसा आपल्याच शेतात असेल तर मोकळी झालेली जागा दुसरा कळप भरून काढतो. म्हणून कुंपण आणि नुकसानभरपाई आधी, गोळी सगळ्यात शेवटी. पण ज्याचं वर्षाचं उत्पन्न तीन रात्रींत जातं, त्याला 'मारूच नका' एवढंच सांगून निघून जाणंही बरोबर नाही.

दुसरी बाजू म्हणते, प्रत्येक शेतकऱ्याला बंदूक द्या. वरचं गणित पाहिल्यावर मला ही मागणी भीतिदायक वाटते. शिवाय निवडणूक लागली की परवान्याची अनेक शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात. विधानसभेची निवडणूक २०१९ मध्ये ऑक्टोबरात झाली आणि २०२४ मध्ये नोव्हेंबरात. म्हणजे नेमकी कपाशी वेचणीच्या वेळी. स्वतःच्या बंदुकीवर पीक राखण्याचा बेत तेव्हाही कोलमडतोच.

मधला मार्ग आहे आणि तो फार खर्चिकही नाही. कलम ११ च्या प्रत्येक परवानगीवर शस्त्र कोणतं, काडतूस कोणतं, अंतर जास्तीत जास्त किती आणि जागा कोणती हे छापलेलंच असावं. रोहीसारख्या मोठ्या जनावरासाठी छऱ्याचं काडतूस बंद करावं. गोळी झाडण्याचं काम शेतकऱ्याचं नसावं. प्रत्येक तालुक्यात वनविभागाने तपासून घेतलेल्या, चाचणी दिलेल्या नेमबाजांची यादी असावी. आपल्या जिल्ह्यात निवृत्त सैनिक गावोगाव आहेत आणि नेमबाजी शिकलेली तरुण मुलंही आहेत. जनावर जखमी होऊन पळालं, तर त्याच रात्री कळवण्याची आणि वनकर्मचाऱ्यांसह त्याचा माग काढण्याची सक्ती असावी. आणि किती परवानग्या दिल्या, किती गोळ्या झाडल्या, किती जनावरं मेली, किती जखमी होऊन निसटली हे तालुकावार जाहीर व्हावं. हे आकडे समोर आले तरच मारून पीक वाचतं की नाही ते कळेल.

तोवर शेतकऱ्याने काय करावं?

नुकसान दिसलं की त्याच दिवशी मोबाइलने फोटो काढा. लोकेशन चालू ठेवा. पायांचे ठसे आणि लेंड्यांचेही फोटो घ्या. वनविभागाकडे लगेच अर्ज द्या, पोच घ्या आणि पंचनाम्याचा आग्रह धरा. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केल्यानुसार २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही पीकविम्यात धरलं जाणार आहे. त्यासाठी ७२ तासांच्या आत ॲपवर फोटोसह तक्रार करावी लागेल. त्रास वारंवार होत असेल तर वनक्षेत्रपालांकडे कलम ११ खालच्या परवानगीसाठी लेखी अर्ज करा आणि 'गोळी कोण झाडणार, कशाने झाडणार' हे त्या अर्जातच विचारा. लेखी उत्तर मागा. करंट आणि स्फोटकांच्या वाटेला जाऊ नका, त्यात घरातलंच माणूस जातं.

हे सगळं मी परवा आप्पांना सांगितलं. बंदूक कपाटातच राहू द्या, एलजीने रोही मरणार नाही, नुसती लंगडी होईल, असंही म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मोबाइलवर फोटो कसे काढून ठेवायचे तेही शिकून घेतलं. मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "ठीक शे भाऊ. मी बंदूक ठेवी दिधी. मंग रोहीले हाकली कोन?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्यांच्या सहीने परवानगी निघते, त्यांनी ते द्यायला हवं. पुढच्या वेचणीच्या आत दिलं तर बरं.